अंकिताच्या कॉलेजचं चेकिंग

मुलीसाठी कॉलेज निवडताना आधी तिथली टेक्नॉलॉजी बघून घ्यावी, ही कल्पना मुळात कोणाची, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. मी म्हणतो, शेजारच्या हुसेनसाबांची. हुसेनसाब म्हणतात, वरच्या मजल्यावरच्या मायाक्कांची. मायाक्का म्हणतात, त्या तर नुसत्या साखर मागायला आल्या होत्या. आणि आमची दाक्षायणी म्हणते, कल्पना कोणाचीही असो, अक्कल तुमचीच. हा टोमणा मी खाली पडू देतो. वीस वर्षं संसार केल्यावर कोणता टोमणा उचलायचा आणि कोणता नाही, एवढं माणसाला कळतं.

प्रसंग साधा होता. अंकिताला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जायचं होतं. गुण बरे पडले होते. आता ऑनलाइन अर्जात कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा आणि शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत तो लॉक करायचा. पाच वाजून एक मिनिट झालं की पोरगी या फेरीतून बाद. सोलापुरात राहूनच शिकायचं हे ठरलेलं होतं, त्यामुळे प्रश्न दोनच कॉलेजांचा होता. एक गावातलं जुनं, दगडी इमारतीचं. दुसरं गावाबाहेरचं नवं, 'तेजोनिधी स्मार्ट कॅम्पस', ज्याच्या जाहिरातीत एक यंत्रमानव मुलाच्या खांद्यावर हात टाकून उभा होता.

"अप्पा, मला जुनंच पाहिजे," अंकिता म्हणाली होती.

"का?"

"बरं वाटतंय तितं."

बरं वाटतंय! मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात चेकर आहे. एकवीस वर्षं माझ्या हाताखालून माल गेल्याशिवाय गाडीत चढलेला नाही. 'बरं वाटतंय' म्हणून मी आजवर एक नॅपकीनसुद्धा पास केला नाही. आमच्या धंद्यात मालाचे दोनच प्रकार, फ्रेश आणि सेकंड. माल हातात आला की आधी उलटी बाजू बघायची, कारण सुलटी बाजू गिऱ्हाइकासाठी असते. धागा तुटलेला दिसला, डाग दिसला, की खिशातल्या गुंडाळीतून लाल गोल स्टिकर काढायचा आणि लावायचा. त्यावर 'सेकंड' असं छापलेलं असतं. हे काम आता माझं डोकं करत नाही, हातच करतो. एकदा मेहुण्याच्या लग्नात पंगतीला बसलो असताना माझ्या हाताने करपलेल्या पुरीला स्टिकर लावला होता. त्यावरून झालेलं भांडण अजून पुरतं मिटलेलं नाही.

तर त्या संध्याकाळी हुसेनसाब चहाला आले. ते जन्मभर ट्रक लाइनमध्ये होते. ते म्हणाले, "ईश्वरप्पा, सेकंड हॅण्ड गाडी घेतानाबी आपण बॉनेट उघडतोय की. हितं चार वर्षं पोरगी घालायची म्हणताय. कॉलेजचं बॉनेट नको उघडाया?"

हे मला मनापासून पटलं. तेवढ्यात मायाक्का वाटी घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. "वायफाय तेवढं बघा बाई. आमच्या कुर्डुवाडीच्या भाच्याच्या कॉलेजात वायफाय फकस्त कडुलिंबाखाली यायचं. लई हाल. परीक्षा आली की समदी पोरं झाडाखाली. वर कावळे."

"आणि सर्व्हर बघा," हुसेनसाब म्हणाले.

"सर्व्हर म्हणजे नक्की काय?"

"ते बँकेत डाऊन असतंय की, ते."

मी वही काढली. रात्री जेवणापर्यंत यादी एकतीस मुद्द्यांवर गेली. वायफाय, सर्व्हर, स्मार्ट बोर्ड, लिफ्ट, सीसीटीव्ही चालू की नुसता डबा, पाण्याच्या फिल्टरचा दिवा हिरवा की लाल. अठ्ठाविसावा मुद्दा मायाक्कांच्या आग्रहाखातर 'कावळे' असा होता. मी कारखान्यात सुट्टीचा अर्ज दिला. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "कोण गेलं?"

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. स्कूटी अंकिता चालवत होती, मी मागे. पुढे हुकावर दाक्षायणीने दिलेला डबा लटकत होता. बाप मागे आणि मुलगी पुढे हे दृश्य आमच्या गल्लीला नवं असल्यामुळे हुसेनसाबांनी हात हलवून आम्हाला निरोप दिला. मी चेहरा शक्य तितका तपासणी अधिकाऱ्यासारखा ठेवला.

जुन्या कॉलेजात पहिल्याच फटक्याला सात मुद्दे नापास झाले. लिफ्टच्या दारात तुळशीची कुंडी ठेवलेली होती आणि तुळस चांगली कमरेपर्यंत वाढली होती. यावरून लिफ्ट कधी बंद पडली असेल याचा अंदाज कोणीही करू शकेल. वायफायचा पासवर्ड विचारला तर शिपाई म्हणाला, "पासवर्ड ऱ्हातोय शिर्के सरांकडं, सर ऱ्हात्यात रजेवर."

कॉम्प्युटर लॅबमध्ये चाळीस मशीन होती. त्यातल्या अकरांची झाकणं उघडी, आतल्या वायरी बाहेर. दोन मुली खाली मांडी घालून एकाचा पंखा पुसत होत्या. मी उलट्या बाजूने एक फेरी मारली. फेरी संपली तेव्हा अकराच्या अकरा मशीनवर लाल स्टिकर लागलेले होते. मी लावले असं मी म्हणणार नाही. हाताने लावले.

लॅबचे तन्वीर सर जवळ आले. तिशीचा माणूस, हाताला काळं लागलेलं. "अंकल, ही बिघडल्याली न्हाईत. पोरींनी खोलल्यात."

"खोलली म्हणजे बिघडलीच की."

"खोलल्याबिगर कळंल कसं?" ते हसून म्हणाले.

या वादात पडण्यात अर्थ नव्हता. मी पाण्याचा फिल्टर, सीसीटीव्ही आणि कावळे बघायला गच्चीपर्यंत जाऊन आलो. पाऊण तासाने परतलो तर अंकिता त्या मुलींच्यात खाली बसलेली, हातात पेचकस, नाकाला धूळ. मी यादीवर शेवटचा शेरा मारला, 'संपूर्ण माल सेकंड', आणि तिला म्हणालो, "चल. आता खरं कॉलेज बघू." तिने गाडी सुरू केली. मुलगी ऐकते आहे, या समाधानात मी होतो.

तेजोनिधीचं गेट लांबूनच चमकत होतं. आत जायला माणसाएवढी गजांची फिरती दारं, बाजूला एक उंच काळा खांब आणि त्यावर पडदा. खांबाशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मानसिंग नावाचा वॉचमन. सगळे व्यवहार खांब करणार, मानसिंग फक्त समजावून सांगणार.

"पडद्यावर विद्यार्थ्याचं नाव टाका, मग कॅमेरा चेहरा घेतोय, मग आत," तो म्हणाला. अंकिताने नाव टाकलं. 'कृपया कॅमेऱ्यासमोर उभे रहा' असं आलं. आता इथे जे घडलं ते माझ्या जागी कोणताही जबाबदार चेकर असता तर घडलंच असतं. खांबाच्या मागच्या बाजूला वायर आहे की नाही हे मला बघायचं होतं. मागे जाताना मी कॅमेऱ्यासमोरून वाकलो. 'टिंग' असा आवाज झाला. खांबाच्या पोटातून एक गरम गरम कार्ड बाहेर आलं. त्यावर माझा फोटो होता, डोळे मोठे, मिशी स्पष्ट. खाली नाव: अंकिता ईश्वरप्पा पाटील. विद्यार्थिनी.

लगेच दुसरी सूचना आली, मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा, परत जाताना मिळेल. मी आज्ञाधारकपणे ठेवला. दार फिरलं. मी आत पडलो. माझ्या मागोमाग अंकिता यायला लागली तर दार घट्ट.

"ताई, अंकिता आत गेल्यात," मानसिंग म्हणाला.

"मीच अंकिता."

"तसं नसतंय ओ. सिस्टिममदी अंकिता मिशीवाल्या हायत."

मी म्हणालो, ठीक आहे, मला बाहेर सोड, आपण दुरुस्त करू. त्यावर मानसिंगने फार दुःखाने मान हलवली. विद्यार्थ्यांना पाचच्या आत बाहेर सोडायचं नाही, असं मशीनला सांगून ठेवलेलं होतं. "पोरं तास बुडवून हुरडा खायाला जात्यात म्हणून केलंय."

"अरे, मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे!"

"मला दिसतंय की. पर दार उघडायचा अधिकार मशीनला. मला फकस्त खुर्ची दिलीया."

तेव्हा दोन वाजले होते. आणि तेव्हाच मला अर्ज आठवला. अर्ज लॉक करताना ओटीपी येतो. ओटीपी येणार फोनवर. घरातल्या सगळ्या अर्जांवर, गॅसपासून रेशनपर्यंत, नंबर माझा. माझा फोन लॉकरमध्ये. लॉकर उघडणार मी बाहेर पडताना. मी बाहेर पडणार पाचला, आणि पाचला फेरी बंद. म्हणजे कॉलेज तपासायला आलेला बाप पोरीला दोन्ही कॉलेजांतून घालवून बसला होता. गजांतून मी ओरडलो, "अंकिता, घाबरू नको, मी ऑफिसात जातो!" ती म्हणाली, "अप्पा, ऐका तरी..." पण मी धावत सुटलो होतो.

ऑफिसात साबेरा मॅडम होत्या. शांत बाई. त्यांनी कार्ड बघितलं, मला बघितलं, पुन्हा कार्ड बघितलं.

"नाव दुरुस्तीसाठी पालकांना घेऊन या," त्या म्हणाल्या.

"पालक मीच."

"मग विद्यार्थिनी कुठंय?"

"गेटबाहेर."

"विद्यार्थिनी गेटबाहेर असताना तिच्या नावाने आत कोण आलं?"

मी मान खाली घातली. त्यांना माझी दया आली असावी. त्यांनी सांगितलं, तक्रार ऑनलाइन करता येते. त्यासाठी मोबाइल लागतो. मोबाइल लॉकरमध्ये असेल तर लॉकर उघडण्याची विनंतीही ऑनलाइन करता येते. तीही मोबाइलवरूनच. हे सगळं त्यांनी इतक्या सौजन्याने सांगितलं की मी दोनदा 'थँक्यू' म्हणालो. शेवटी त्या म्हणाल्या, "बापूसाहेबांनी तोंडी सांगितलं तर होईल. ते वरती पाहुण्यांना गॉगल लॅब दाखवायला गेलेत."

बापूसाहेब म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. मी जिना चढलो. लिफ्ट होती, आणि चालूही होती, पण ती म्हणाली, 'विद्यार्थ्यांनी जिन्याचा वापर करावा.' वाटेत एका वर्गात स्मार्ट बोर्ड दिसला. अशा घाईतही मी मागे डोकावलो. वायर होती. ती भिंतीपर्यंत आली होती आणि भिंतीत प्लगच नव्हता. ती नुसतीच खिळ्याला गुंडाळून ठेवली होती. हाताने आपलं काम केलं. पुढे तीन मजल्यांवर हाताने बरंच काम केलं. फिल्टर सेकंड. सीसीटीव्ही सेकंड, आत चिमणीचं घरटं. सर्व्हरच्या खोलीला कुलूप आणि काचेतून दिसणारे झाडू. एरवी मी आनंदाने वेडा झालो असतो, इतके दोष एका मालात मला कधी सापडले नव्हते. पण घड्याळात साडेतीन झाले होते.

गॉगल लॅबच्या दारात एका मुलाने माझं कार्ड बघितलं आणि काही बोलायच्या आत माझ्या डोक्यावर तो जाड काळा गॉगल चढवला. "घातल्याशिवाय आत प्रवेश नाही." एका क्षणात लॅब गेली आणि मी ज्वालामुखीच्या काठावर उभा राहिलो. खाली लाल रस उकळत होता. कोणीतरी माझ्या पायाखालचा दगड काढून घेतला. मी "अगं दाक्षायणी!" असं ओरडलो आणि हाताला जो पहिला आधार लागला त्याला मिठी मारली. आधार गरम होता, मऊ होता आणि त्याला अत्तराचा वास येत होता. मी जीव मुठीत धरून त्याची पाठ चाचपत राहिलो.

गॉगल काढला गेला तेव्हा मी बापूसाहेबांच्या छातीवर होतो.

ते मोठ्या मनाचे निघाले. पाहुण्यांकडे बघून म्हणाले, "बघा, अनुभव किती जिवंत आहे!" पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं. पोरीचा अर्ज, पाच वाजता बंद होणारी फेरी, ओटीपी, लॉकर. बापूसाहेब ताठ झाले. "एवढंच ना? चला. माझ्या चेहऱ्याने या कॅम्पसमधलं कोणतंही दार उघडतं." आणि ते पुढे निघाले. तेव्हा मला त्यांच्या पांढऱ्याशुभ्र सफारीच्या पाठीवर, बरोबर मधोमध, लाल गोल स्टिकर दिसला.

सांगावं की काढावं? काढायला हात पुढे केला तर ते वळून म्हणाले, "काय?" मी म्हणालो, "काही नाही, साहेब, धूळ." मागून चालणारे पाहुणे तो वाचत होते, आणि प्रत्येक जण आपल्याला काही दिसलंच नाही असा चेहरा करून इमारतीचं कौतुक करत होता.

गेटवर आलो तेव्हा सव्वाचार झाले होते. बाहेर अंकिता स्कूटीवर बसून पाय हलवत होती. मानसिंग उभा राहिला. बापूसाहेब खांबासमोर गेले आणि त्यांनी मंद हसत चेहरा दिला. खांब थोडा वेळ विचार करत होता.

'अनोळखी व्यक्ती,' खांब म्हणाला.

मागच्याच आठवड्यात सत्कारासाठी त्यांनी केस काळे केले होते, ते खांबाला कोणी कळवलं नव्हतं. बापूसाहेबांनी चष्मा काढून चेहरा दिला. 'अनोळखी व्यक्ती.' मग रुमालाने कपाळ पुसून, दात दाखवून, आणि शेवटी संतापून दिला. खांबावर लाल दिवा लागला, कुठेतरी भोंगा वाजला आणि कॅम्पसची पुढची, मागची, बाजूची सगळी दारं खाडखाड बंद झाली. 'सुरक्षा धोका. दारे पाच वाजता उघडतील. कृपया आपल्या पालकांशी संपर्क साधा.'

"बघतोस काय! उघड!" बापूसाहेब ओरडले.

मानसिंगने नुसतं खुर्चीकडे बोट दाखवलं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. एकवीस वर्षांत माझ्या हातून एक खराब टॉवेल बाहेर गेला नाही आणि पोटच्या पोरीचं वर्ष मी एका खांबाच्या मागे वाकून घालवलं होतं. मी गज धरले. "अंकिता, माझं चुकलं बाळ. ओटीपी..."

"अप्पा, अर्ज लॉक झालाय," ती म्हणाली.

"कधी?"

"सकाळीच. तुमी गच्चीवर कावळे बघत होता तवा. तन्वीर सरांच्या लॅबमधनं."

"आणि ओटीपी?"

"अर्जात नंबर माझा दिलाय की. तुमी मेसेज चार दिवसांनी वाचता." मग जरा थांबून, "मघापास्नं सांगायलेय, तुमी पळताय."

मला आधी हायसं वाटलं. मग राग आला. हायसं वाटलेलं पुरतं अनुभवूही न देता आला. "पहिला नंबर कोणाला दिलास?"

"जुन्याला."

"आणि दुसरा?"

"दुसरा न्हाईच. एकच भरलंय."

"एकच! आणि नाही मिळालं तर?"

"मिळंल. न्हाई मिळालं तर पुढच्या फेरीला हे हायच की. आज तुमी सगळं बघून ठेवलंयच." माझ्यामागे बापूसाहेब पाठमोरे उभे राहून मानसिंगला फैलावर घेत होते. अंकिताने त्यांच्या पाठीकडे बघितलं आणि ओढणी तोंडात धरली.

"हसू नको," मी म्हणालो. "मग मला इथपर्यंत आणलंसच कशाला? लॉक केलंस तेव्हाच घरी जायचं होतं."

"तुमी किती वर्षांनी सुट्टी काढली, अप्पा. यादी करताना किती खूश होता. मला वाटलं, बघू द्या."

तिने डबा उघडला, कडक भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर शेंगाचटणी घातली आणि गजांतून हात आत घातला. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं. तुकडा घेतला. ती दुसरा मोडायला लागली.

"एकदा विचारायचं तरी होतंस," मी म्हणालो. आवाज मला हवा होता तेवढा कडक निघाला नाही.

तिने वर बघितलं नाही. "विचारलं असतं तर तुमी नको म्हणला असता. आणि तुमी नको म्हणल्यावर मला भरता आलं नसतं."

पाच वाजायला अजून चाळीस मिनिटं होती. बापूसाहेब ओरडत होते, भोंगा थांबून थांबून वाजत होता, आणि पाहुण्यांपैकी एक जण गेटच्या फटीतून जाता येतं का ते पोट आत ओढून बघत होता. मी गजांना टेकून खाली बसलो. पलीकडे अंकिता बसली. तिने न विचारता केलं म्हणून मला वाईट वाटत होतं, आणि ती असं करू शकते म्हणून त्याहून जास्त आनंद होत होता.

"आणखी देऊ?" तिने विचारलं.

मी हात पुढे केला.